आधी मलम, मग दिवा: फोटोडायनॅमिक उपचाराची पार्श्वभूमी

कोडावर बावची लावून उन्हात बसायचं, हा उपाय आपल्याकडे फार जुना. त्यामुळे मलम लावून त्यावर दिवा धरणं ओळखीचं वाटतं. पण त्वचेच्या कर्करोगावरची फोटोडायनॅमिक थेरपी वेगळ्या वाटेनं आली. बावचीतलं सोरालेन अतिनील किरणांत पेशीच्या डीएनएला चिकटतं. फोटोडायनॅमिक थेरपीत मात्र प्रकाशानं जागं होणारं औषध पेशी मारतं, आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो.

सुरुवात म्युनिकची. हर्मान फॉन टापाइनर यांचा विद्यार्थी ऑस्कार राब पॅरामिशियम हे एकपेशीय जीव ॲक्रिडिन या रसायनाच्या द्रावणात किती वेळात मरतात ते पाहत होता. द्रावण तेच, तरी वेळ कधी कमी, कधी जास्त. फरक उजेडाचा होता. हे १९०० साली प्रसिद्ध झालं. १९०३ मध्ये टापाइनर आणि येसिओनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन हा लाल रंग लावून प्रकाश दिलाही.

पुढचा प्रश्न मात्र कित्येक दशकं सुटला नाही: औषधाचा परिणाम नेमक्या जागेपुरता कसा ठेवायचा? १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ यांनी स्वतःला २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन, म्हणजे रक्तापासून मिळणारा, प्रकाशात क्रियाशील होणारा रंग, टोचून घेतलं. उन्हात गेल्यावर चेहरा ओळखू येईना इतका सुजला. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलोत थॉमस डॉगर्टी यांनी याच जातीच्या पॉर्फिरिननं कर्करोगाच्या गाठी नष्ट करून दाखवल्या, पण तेही इंजेक्शनच. रुग्णाला पुढे कित्येक आठवडे ऊन टाळावं लागे.

उत्तर १९९० साली कॅनडातल्या केनेडी आणि पॉटियर यांनी दिलं, आणि मला तेच सगळ्यात विलक्षण वाटतं. अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड हा हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा घटक, बनवतानाचा शरीराचाच कच्चा माल. तो वरून भरपूर लावला की शेवटच्या पायरीवर काम तुंबतं आणि प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशात क्रियाशील होणारं पॉर्फिरिन साचतं, बिघडलेल्या पेशींत जास्त. जांभळ्या दिव्याखाली तेवढाच डाग गुलाबी-लाल चमकतो. बाहेरून रंग टोचायची गरजच उरली नाही.

अमेरिकेत डिसेंबर १९९९ मध्ये, उन्हानं होणाऱ्या कर्करोगपूर्व खरखरीत चट्ट्यांसाठी, निळ्या प्रकाशासह या ॲसिडला मंजुरी मिळाली. युरोपात त्याच ॲसिडचं मिथाइल रूप (थोडा रासायनिक बदल केलेलं) आणि लाल दिवा रुळला: खपली खरवडायची, मलमाचा थर देऊन ३ तास झाकायचं, मग दिव्याखाली काही मिनिटं. ती मिनिटं सोपी नसतात. जागा भाजल्यासारखी होते, पंखा धरावा लागतो, थंड पाणी फवारावं लागतं. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी म्हणूनच साधा दिवसाचा उजेड वापरून पाहिला. मलम लावून २ तास बाहेर. पॉर्फिरिन बनेल तसं खर्ची पडतं, आणि दुखणं फारच कमी.

लाल प्रकाशसुद्धा त्वचेत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. त्यामुळे हा उपचार त्वचेच्या वरवरच्या बेसल सेल कर्करोगासाठी आणि बोवेनच्या आजारासाठी (वरच्या थरापुरता राहिलेला कर्करोग), मेलानोमा या रंगपेशींच्या कर्करोगासाठी नाही.