वाट कायद्याने, गाडी मर्जीने

अमेरिकेत दिव्यांगांसाठीच्या कायद्यानुसार नवा गोल्फ कोर्स, म्हणजे मैदान, बांधताना कार्टच्या (खेळाडूला मैदानावर नेणाऱ्या छोट्या गाडीच्या) वाटेला कडेने कठडा घातला, तर दर ७५ यार्डांच्या आत त्यात पाच फुटांची मोकळी जागा सोडावी लागते. तिथून गाडी फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या मधल्या हिरवळीवर, उतरते. वाट किमान चार फूट रुंद हवी. एखाद्या होलला तीन किंवा जास्त टी (पहिला फटका मारायच्या जागा) असतील तर निदान दोन टीपर्यंत गाडी पोचली पाहिजे आणि ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चढून परत उतरता आलं पाहिजे. ही मापं १५ मार्च २०१२ पासून बंधनकारक आहेत. कायदा इतक्या बारकाव्यात शिरला तो अलीकडे. त्याआधीची कित्येक दशकं मैदान जसंच्या तसं राहिलं आणि दिव्यांग खेळाडूंनीच त्याच्याशी जुळवून घेतलं.

अर्नेस्ट जोन्स हा इंग्रज व्यावसायिक खेळाडू. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा पाय गेला, तरी एका पायावर तोल सांभाळत तो पुन्हा खेळू लागला आणि पुढे अमेरिकेत नावाजलेला प्रशिक्षक झाला. ब्रिटनमध्ये एका हाताने खेळणाऱ्यांनी १९३२ मध्ये स्वतःची संस्थाच काढली. मिनेसोटातल्या डुलुथ शहरात क्लिंट रसेलची दृष्टी १९२४ मध्ये टायर फुटून गेली. तो अंधांच्या गोल्फचा आद्य खेळाडू मानला जातो. या खेळात सोबती अंतर सांगतो, काठी चेंडूमागे नीट लावून देतो, फटका मात्र खेळाडूचा. १९७४ मध्ये कार्टच्या अपघातात डेनिस वॉल्टर्सचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्याने कार्टवरच फिरती खुर्ची बसवून घेतली आणि बसून फटके मारायला सुरुवात केली. ज्या गाडीने घात केला तिच्यावर बसूनच तो आयुष्यभर खेळाचे प्रयोग करत फिरला.

१९९० चा अमेरिकन दिव्यांग कायदा आला तेव्हा सर्वसामान्यांना खुल्या जागांच्या यादीत गोल्फ कोर्स हे शब्द स्पष्ट लिहिले होते. खऱ्या अर्थाने खासगी असलेले क्लब त्यातून वगळले गेले, आणि ही पळवाट या खेळात छोटी नाही.

कायद्याची खरी कसोटी लागली ती केसी मार्टिनच्या दाव्यात. स्टॅनफर्डच्या संघात टायगर वूड्सबरोबर खेळलेला हा तरुण. त्याच्या उजव्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा विकार. नडगीचं हाड झिजलेलं, चालताना ते मोडण्याची आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती. पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या पात्रता स्पर्धेत पहिल्या दोन टप्प्यांत कार्टला परवानगी होती, तिसऱ्यात नव्हती. मार्टिनने मागितली, टूरने नाकारली, आणि १९९७ मध्ये तो कोर्टात गेला. टूरच्या बाजूने आर्नल्ड पामर, जॅक निकलाउस यांच्यासारख्यांनी साक्ष दिली: चालून येणारा थकवा हा खेळाचाच भाग आहे. कोर्टाने मग तो थकवाच मोजला. सुमारे पाच मैल, पाच तासांत, अधूनमधून थांबत. खर्च होतात जेमतेम ५०० कॅलरी. उलट कार्ट मिळूनही मार्टिनला एका फेरीत मैलभराहून जास्त चालावंच लागायचं, आणि तेही त्या पायाने.

निकाल एकतर्फी लागेल असं मात्र नव्हतं. २००० मध्ये एका अपील न्यायालयाने मार्टिनच्या बाजूने कौल दिला, तर दुसऱ्याने खुब्याचा विकार असलेल्या फोर्ड ओलिंजरला अमेरिकी ओपन गोल्फ स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी कार्ट नाकारली. शेवटी २९ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मार्टिनला न्याय दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या मते खेळाचा गाभा फटका मारण्यात आहे, चालण्यात नाही. स्कॅलिया यांनी विरोधी मतात या भूमिकेची यथेच्छ टर उडवली. ते वाचायला मजा येते, पण खेळाच्या नियमांतच चालण्याची सक्ती नव्हती, ती फक्त स्पर्धेच्या अटीत होती, या मुद्द्यापुढे ते लंगडं पडतं.

खेळाच्या चालकांनीही पुढे पवित्रा बदलला. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टला ९६ खेळाडूंची पहिली अमेरिकी अ‍ॅडॅप्टिव्ह ओपन ही दिव्यांगांची स्पर्धा झाली. दिव्यांगांसाठीच्या सवलती २०२३ पासून नियम २५ म्हणून मुख्य नियमावलीत आल्या. उदाहरणार्थ, चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूला खेळता न येणारा चेंडू बंकरबाहेर (वाळूच्या खड्ड्याबाहेर) काढायला दोनऐवजी एकच दंडाचा फटका.

गाडीचं घोडं मात्र अडलेलंच आहे. नेहमीची दोन आसनी कार्ट उभं राहून फटका मारू शकणाऱ्यांसाठी असते. पाय निकामी असलेल्याला लागते ती एकट्याची गाडी: हाताने चालणारी, आसन बाजूला वळून वर उचलणारी, रुंद चाकांमुळे ग्रीनवर नेता येणारी. तीन-चार मिलिमीटरवर कापलेल्या गवतावर गाडी म्हटलं की मैदान राखणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, ते समजण्यासारखं आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या मैदानांवर अशा प्रत्येकी दोन गाड्या ठेवण्याचं धोरण आखलं. न्याय खात्याने २०१० मध्ये सगळ्यांसाठीच तसा नियम करायचं मनावर घेतलं, मतं मागवली आणि डिसेंबर २०१७ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला. म्हणजे चार फुटांची वाट सक्तीची, तिच्यावर चालणारी गाडी ऐच्छिक. म्हणून व्हीलचेअरवरच्या खेळाडूला आजही वेळ राखून ठेवण्याआधी क्लबला फोन करून गाडी आहे का, आणि ती चार्ज केलेली आहे का, हे विचारून घ्यावं लागतं.