बोअरला दोन इंची पाणी लागलं म्हणजे ते कायमचं झालं काय?

शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, कोळसा-पेट्रोल संपणारं, पाणी-वारा-ऊन न संपणारं. परीक्षेला दोन मार्क मिळतात, विषय संपला. पण बेळगाव जिल्ह्यात अथणीकडच्या एखाद्या माळावर बोअरची गाडी उभी असताना ही वाटणी आठवून बघा, पाणी नेमकं कुठल्या रकान्यात टाकायचं तेच कळत नाही.

आधी जमिनीखाली काय आहे ते बघू. चिकोडी, निपाणी, अथणी आणि बेळगावचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला त्याचा हा दक्षिणेकडचा काठ. या दगडाला अंगची अशी भोकं फारशी नसतात, वाळूसारखं पाणी त्यात मुरत नाही. पाणी राहतं ते दोनच ठिकाणी, वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत. बोअर मारताना हे डोळ्यांनी दिसतं बघा. सुरुवातीला तांबूस-पिवळी भुकटी उडते, मग एकदम राखाडी पावडर यायला लागते आणि गाडीवाला म्हणतो आता केसिंग, म्हणजे वरचा भुसभुशीत थर ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, बास. केसिंग जितकं उतरलं तेवढाच तुमचा मुरूम, त्याच्या खाली सगळा कडक पाषाण.

आता गंमत अशी आहे की जुन्या विहिरी या वरच्या मुरमातलंच पाणी घ्यायच्या, आणि तो मुरूम दरवर्षी मृगापासून परत भरतो. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली, गांधीजी अध्यक्ष होते ते अधिवेशन, शंभर वर्षं होऊन गेली तरी विहीर आहे. बोअरचं केसिंग मात्र नेमका हाच वरचा थर बंद करून टाकतं आणि आपण खालच्या भेगांतलं ओढायला लागतो. त्या भेगांत पाणी वरूनच झिरपत जातं पण अगदी सावकाश, काही ठिकाणी काही वर्षं, काही ठिकाणी कितीतरी पिढ्या. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, मोजता येतं. १९५०-६० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेत ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन खूप वाढला आणि पावसातून जमिनीत उतरला. बारा वर्षांनी तो निम्मा होतो. खोल पाण्याच्या नमुन्यात ट्रिटियम जवळपास नसेलच तर ते पाणी त्या चाचण्यांच्याही आधी पडलेल्या पावसाचं, म्हणजे आजोबांच्या काळचं किंवा त्याच्याही मागचं. विहिरीचं पाणी म्हणजे महिन्याचा पगार आणि खोल बोअरचं म्हणजे आजोबांनी ठेवलेली ठेव, पाणी दोन्ही सारखंच दिसतं म्हणून आपण फसतो.

थोडा हिशेब करू, पाठीमागच्या पानावर करतो तसा. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडं पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, ५५० धरा. एका एकरावर वर्षाला साधारण २२ लाख लिटर पडलं. त्यातलं दहा टक्के मुरलं असं धरू, बाकीचं वाहून जातं, वाफ होतं, पिकं-गवत पितात. म्हणजे खाली गेलं २ लाख २० हजार लिटर. आता उसाला पाटपाण्यानं वर्षाला दोन हजार मिलिमीटर धरलं तर एकरी ८१ लाख लिटर होतं. पडलेला सगळा पाऊस वजा केला तरी ५९ लाख बोअरमधून काढावं लागतं. भागा आता, एक एकर उसाला सुमारे २७ एकराचं मुरलेलं पाणी लागायलंय! शेतात सोडलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरतं, कॅनॉल असेल तिथं गणित वेगळं, हे कबूल, पण सत्तावीसचे दहा केले तरी शेजारच्या नऊ एकरवाल्यांनी काय करायचं? ड्रिपनं बोअरच्या उपशातला तिसरा हिस्सा वाचतो धरलं तर आकडा अठरावर येतो. पण माझं स्पष्ट मत आहे, ड्रिप टाकून वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला तर जमिनीखाली वाचलं काहीच नाही, फक्त सबसिडी मिळाली.

आणि पाऊस भरपूर असला की प्रश्न सुटतो असंही नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मलप्रभा तिथंच उगम पावते, तरी उन्हाळ्यात त्या बाजूच्या वाड्यांत पाण्याची ओरड होतेच की. कारण वरचा जांभा दगड. तो इतका भोकाभोकाचा की पाणी पटकन आत घेतो आणि झऱ्यांतून तितक्याच पटकन सोडूनही देतो, ओढे माघ-फाल्गुनात आटायला लागतात. तिथं पाणी धरून ठेवतं ते जंगल, म्हणजे पालापाचोळ्याचा थर आणि मुळांनी भुसभुशीत केलेली माती. भीमगडचं अभयारण्य म्हटलं की लोकांना वाघ-वटवाघळं आठवतात, पण खालच्या सौंदत्तीच्या धरणापर्यंत जाणाऱ्या नदीची सुरुवात तिकडच्या रानातच आहे.

उसाचाच विषय निघालाय म्हणून अजून एक. कारखान्यात चिपाडावर वीज होते, मळीपासून इथेनॉल होतं, आणि याला सगळे हिरवी ऊर्जा म्हणतात. चूक नाही, ऊस दरवर्षी उगवतो. पण त्याला घातलेला युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, कारण त्यातल्या अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन वायूतून काढतात. डीएपी खतामधलं फॉस्फरस खाणीतल्या फॉस्फेट दगडातून येतं, जगातला सगळ्यात मोठा साठा मोरोक्कोकडं, आपण बहुतेक बाहेरूनच आणतो. म्हणजे न संपणाऱ्या पिकाच्या पोटात संपणारा वायू, संपणारा दगड आणि सावकाश भरणारं पाणी, तिन्ही आहेत. यात लगेच करण्यासारखं एक म्हणजे पाचट न जाळणं. जाळलं की त्यातला नायट्रोजन धुरात जातो, सरीत कुजवलं तर मातीत राहतो आणि ओलही टिकते, पाण्याची एखादी पाळी लांबते. तोडणीनंतर रात्री सगळीकडं ज्वाळा दिसतात ते बघवत नाही खरं तर.

उलटीही गोष्ट आहे. बॉक्साइट संपणारं खनिज, जांभ्याच्या पठारांवर लाखो वर्षं पावसानं बाकीचं धुऊन नेल्यावर उरलेलं. बेळगावच्या यमनापुरात त्यापासून धातूच्या आधीची पांढरी भुकटी, म्हणजे अ‍ॅल्युमिना बनतं. एक किलो अ‍ॅल्युमिनियमला साधारण चार किलो बॉक्साइट आणि नुसत्या शेवटच्या, भुकटीतून धातू वेगळा करायच्या टप्प्यालाच तेरा-चौदा युनिट वीज लागते. पण तेच पातेलं भंगारात देऊन परत वितळवलं तर पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत काम होतं, आणि कितीही वेळा. त्यामुळं संपणारा धातू भंगारवाल्याच्या गाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या फिरतो, आणि न संपणारं म्हणवलेलं पाणी चारशे फुटांवरून सहाशे फुटांवर जातं.

बोअर बंद करा असं कोण म्हणणार, पिण्याचं पाणीही त्याच्यावरच आहे. निदान मोजा तरी. बोअरमध्ये पाणी किती खाली गेलं ते दिसत नाही हीच मोठी अडचण, मोटर हवा ओढायला लागेपर्यंत कळत नाही. गावात एखादी उघडी विहीर शाबूत असेल तर दसऱ्याला आणि अक्षय तृतीयेला दोरीला दगड बांधून पातळी घ्या आणि विहिरीच्याच भिंतीवर ऑइलपेंटनं तारखेसकट लिहा. दरवर्षीची दसऱ्याची रेघ आदल्या वर्षीपेक्षा खाली जात असेल तर पाऊस कितीही झालेला असो, तुम्ही ठेवीत हात घातलाय. आणि बोअरशेजारी खड्डा खणून छपराचं पाणी सोडणार असाल तर खडी, वाळूचा थर नीट भरा, गोठ्याचं किंवा शेतातलं पाणी त्यात वळवू नका, खाली पोचलेली घाण काढायला हात पुरत नाहीत.