बंद पडलेल्या संगणकातील माहिती कुठे असते?

गेल्या जुलैमध्ये आमच्या आत्याचा संगणक एका सकाळी सुरूच होईना. बटण दाबले की पंखा फिरे, कंपनीचे चिन्ह येई आणि मग काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगी डिस्क सापडत नसल्याची एक ओळ तेवढी उरे. त्या संगणकात आजीने गायलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ४३ ध्वनिमुद्रणे होती आणि आजी आता नाही. जवळच्या दुकानातील मुलाने पाहून सांगितले, "काकू, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा." तो खोटे बोलत नव्हता, संध्याकाळी संगणक कदाचित चालूही झाला असता. परंतु संगणक चालू होणे आणि त्यातील माहिती परत मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीची घाई केली की दुसरी हातची जाते. म्हणून माहिती आधी काढावी आणि दुरुस्तीला नंतर हात घालावा, असे माझे ठाम मत आहे.

बटण दाबल्यावर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, योग्य दाबाची वीज देऊ लागतो. मग मदरबोर्डवरील, म्हणजे मुख्य पाटीवरील, यूईएफआय ही आरंभीची आज्ञावली (जुन्या यंत्रांत बायोस) रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, व इतर भाग तपासते, डिस्कवरील बूटलोडर शोधते, आणि बूटलोडर विंडोजला जागे करतो. ही साखळी कुठे तुटली ते लक्षणांवरून बरेचसे कळते. पंखाच फिरत नसेल तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. पंखा फिरतो, पडदा काळा राहतो आणि बीप ऐकू येतात, असे असेल तर बहुधा रॅमवर. दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर चढतो. वीज पूर्ण काढून, रॅम बाहेर घेऊन, त्या पट्ट्या मऊ खोडरबराने हलकेच पुसून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' करून बसेपर्यंत ती परत दाबली की पुष्कळ यंत्रे उठून बसतात.

एसएमपीएस, रॅम किंवा मदरबोर्ड बिघडला तरी डिस्कवरील माहिती सहसा जागच्या जागी असते. डिस्क काढून सॅटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी कार्यप्रणाली) सुरू करून फायली उतरवून घेता येतात. मात्र डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा-सोयीने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली लागते, आणि ती नसेल तर निरोगी डिस्कही उघडत नाही.

फाइल पुसली गेली असेल किंवा झटपट (क्विक) फॉरमॅट झाले असेल, तर काय घडते हे समजण्यासाठी सातबारा आठवावा. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते: नाव, आकार, आणि ती डिस्कवर कोठे ठेवली आहे. फाइल पुसली की ती नोंद आणि तिने व्यापलेली जागा 'मोकळी' म्हणून दाखवली जाते. जमिनीत उभे असलेले पीक तसेच राहते. त्यामुळेच फोटोरेकसारखी मोफत साधने तक्त्याकडे न पाहता डिस्कच चाळतात आणि फायली त्यांच्या आरंभखुणांवरून ओळखतात. जेपीईजी छायाचित्र, उदाहरणार्थ, नेहमी 'एफएफ डी८' या दोन बाइटांनी सुरू होते. पण त्याच जमिनीवर नवी पेरणी झाली, म्हणजे नवे विंडोज लिहिले गेले, की खालचे पीक गेले ते गेलेच.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कची, गोष्ट याहून कठोर आहे. तेथे पुसलेली जागा विंडोज 'ट्रिम' या आज्ञेने डिस्कला लगेच कळवते, आणि डिस्क ती जागा स्वतःहून रिकामी करून टाकते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे. तिच्यामुळे एसएसडी वेगवान राहते, पण 'चुकून फॉरमॅट मारले, आता काढून द्या' ही विनंती तिच्या बाबतीत बहुतेकदा व्यर्थ ठरते.

फिरत्या हार्ड डिस्कचे दुखणे यांत्रिक असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते, आणि वाचणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर असते. त्यामुळे घरच्या टेबलावर डिस्क उघडली तर हवेतली धूळच तिचा घात करते. 'खट्-खट्' असा ठेक्यात आवाज येत असेल तर वीज ताबडतोब काढावी आणि धूळमुक्त कक्ष असलेल्या जाणकारांकडे डिस्क सोपवावी. ती फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला ऐकू नये, कारण बाहेर काढताच तबकड्यांवर दव धरते.

तबकडी शाबूत असेल तर काय साधते, याचे हृदय हेलावणारे उदाहरण कोलंबिया यानाचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते कोसळले आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. झेनॉन वायूच्या प्रयोगाची नोंद असलेली एक डिस्क पुढे अवशेषांत सापडली. तिचे इलेक्ट्रॉनिक भाग जळले होते, धूळ रोखणारे सील वितळले होते, तरीही तबकड्या स्वच्छ करून नव्या सांगाड्यात बसवल्यावर सुमारे ९९ टक्के माहिती निघाली आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला.

आत्याची डिस्क खटखटत नव्हती. तिच्यावर वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे माहिती साठवणारे छोटे कप्पे, वाढले होते. अशा सेक्टरवर डिस्क पुनःपुन्हा वाचू पाहते, संगणक गोठतो आणि हेड अधिकच थकते. म्हणून मी लिनक्समधील 'डीडीरेस्क्यू' वापरले. ते सोपा भाग आधी उचलते, अडलेला भाग नकाशात नोंदवून पुढे जाते आणि अखेरीस त्या कडांकडे परतून एकेक सेक्टर खरवडते. मध्ये थांबवले तरी नकाशावरून पुढचे काम सुरू होते. मूळ डिस्कवर काहीही न लिहिता नव्या डिस्कवर तिची तंतोतंत प्रत उतरायला दोन रात्री लागल्या, आणि पुढचा सगळा शोध त्या प्रतीवर केला. संगणकात नवी एसएसडी घालून विंडोज टाकायला त्यानंतर तासभर पुरला.

४३ पैकी ४१ ध्वनिमुद्रणे धडधाकट निघाली. एक मिळालेच नाही. आणखी एकात जात्याची घरघर ऐकू येते, आजी पहिली ओळ म्हणते आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आवाज काही सेकंद तुटतो. ती ओळ आत्याला पाठ होती, ती तिने वहीत उतरवून ठेवली आहे.