शेतमालाचे भाव, उत्पादन खर्च आणि दीडपटीचा वाद : पार्श्वभूमी

शेतमालाचा भाव रोज जाहीर होतो. बाजार समितीत लिलाव आटोपला की किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर त्याच दिवशी नोंदवले जातात, त्यांवरून महिन्याची सरासरी काढता येते आणि घाऊक किमतींचा निर्देशांकही दर महिन्याला प्रसिद्ध होतो. तोच माल पिकवायला आलेल्या खर्चाचे मात्र असे नाही. त्याचे प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले अधिकृत आकडे हंगाम संपल्यानंतर दोन-तीन वर्षांनी हाती येतात आणि तोपर्यंत खते, डिझेल व मजुरी यांचे दर अनेकदा बदललेले असतात. दरवर्षी हमीभाव जाहीर झाला की तो किती रुपयांनी वाढला याचीच चर्चा होते. परंतु हमीभाव उत्पादन खर्चाच्या दीडपट असावा, या मागणीभोवतीच्या वादाचे मूळ कोणता खर्च हिशेबात धरला, आणि तो कोणत्या काळातला, या प्रश्नांत आहे.

भाव आणि देणी यांची ही फारकत जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला चढा भाव मिळाला, १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर तो कोसळला. शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र उतरले नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जो उठाव झाला, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने धान्याच्या भावात हात घातला तो ग्राहकासाठी. पिकवणाऱ्याच्या खर्चाचा त्यात फारसा विचार नव्हता.

खर्च पद्धतशीरपणे मोजायला सुरुवात झाली ती १९५४-५५ मध्ये. शेती व्यवस्थापनाच्या या पाहण्या निवडक राज्यांत झाल्या आणि त्यावेळच्या मुंबई राज्यातून नगर व नाशिक हे जिल्हे निवडले गेले. घरच्या माणसांचे श्रम चालू मजुरीच्या दराने खर्चात धरले, तर कितीतरी शेतांचा व्यवसाय तोट्यात दिसतो, हे या पाहण्यांतून पुढे आले. एवढा तोटा होत असेल तर शेतकरी शेती का करतो, यावर अर्थतज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला. आजच्या हिशेबातील ए, बी, सी हे खर्चाचे प्रकारही त्याच पाहण्यांच्या परंपरेतून आले आहेत.

१९६५ च्या जानेवारीत केंद्राने शेतमालाच्या भावांबाबत सल्ला देणारी यंत्रणा, म्हणजे कृषी मूल्य आयोग, स्थापन केली. धान्यटंचाईचा तो काळ होता आणि गहू-भाताचे उत्पादन वाढावे हा मुख्य हेतू होता. तिच्या नावात ‘खर्च’ हा शब्द आला तो वीस वर्षांनी, १९८५ मध्ये. दरम्यान १९७०-७१ पासून लागवड खर्चाची व्यापक योजना सुरू झाली, जी प्रामुख्याने कृषी विद्यापीठांमार्फत चालते. तिची पद्धत अशी : तालुक्यांतून गावांचे गट निवडले जातात, गटातील जमीनधारकांचे धारणक्षेत्रानुसार पाच वर्ग पाडले जातात आणि प्रत्येक वर्गातून दोन अशी दहा शेते घेतली जातात. नोंद ठेवणारा कर्मचारी वर्षभर त्या कुटुंबांकडे जाऊन आज कोणत्या तुकड्यात काय काम झाले, किती तास झाले, बैलजोडी घरची की भाड्याची, बियाणे विकतचे की घरचे, हे सगळे लिहून घेतो. कडबा आणि भुशाचीही किंमत केली जाते आणि तेवढा वाटा मुख्य पिकाच्या खर्चातून वगळला जातो. इतक्या बारकाईने केलेले काम फार थोड्या देशांत होत असेल. हे आकडे उशिरा मिळतात ही मोठी अडचण आहे, पण ते कच्चे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल.

खरा गुंता या नोंदींची बेरीज कुठपर्यंत करायची, हा आहे. बियाणे, खते, औषधे, मजुरी, बैल व यंत्रांचा खर्च, सिंचन, घसारा, सारा आणि खेळत्या भांडवलावरचे व्याज मिळून ए-१ हा खर्च होतो. दुसऱ्याची जमीन कसायला घेतली असेल तर तिचा खंड मिळवून ए-२ होतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमांचे मोल धरले की ‘ए-२ अधिक कुटुंबश्रम’ हा आकडा येतो. सी-२ त्याच्याही पुढे जातो. स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे ती दुसऱ्याला कसायला दिली असती तर जे मिळाले असते ते, आणि विहीर, पंप, अवजारे, गोठा यांत गुंतलेल्या स्वतःच्या भांडवलावरचे व्याज यांचाही त्यात समावेश असतो. शेतकऱ्याच्या खिशातून हे पैसे दरवर्षी बाहेर पडत नाहीत, म्हणून ते खर्च नव्हेत, असे एक बाजू म्हणते. दुकानदार स्वतःच्या जागेचे भाडे आणि गुंतवलेल्या पैशाचे व्याज धरूनच नफा मोजतो, मग शेतकऱ्याने ते का सोडायचे, असे दुसरी बाजू विचारते.

सी-२ विरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. जमिनीचा खंड हा पिकाच्या भावावर अवलंबून असतो. भाव वाढला की खंड वाढणार, खंड वाढला की सी-२ वाढणार आणि त्यावर ठरणारा भाव पुन्हा वाढणार. हे चक्र खरे आहे. तथापि, हा आक्षेप फक्त खंडाला लागू पडतो, विहिरीत आणि पंपात घातलेल्या पैशाच्या व्याजाला नाही. दीडपटीचा हिशेब करताना मात्र खंडाबरोबर व्याजही वगळले जाते आणि त्याचे समाधानकारक कारण दिले जात नाही.

हा प्रश्न पेटला तो २००६ नंतर. २००४ मध्ये नेमलेल्या एका राष्ट्रीय आयोगाने २००६ मध्ये शिफारस केली, की हमीभाव हा सरासरी उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के अधिक असावा. तो खर्च ए-२ की सी-२, हे त्या वाक्यात लिहिलेले नव्हते, आणि पुढची सगळी भांडणे त्या एका मोकळ्या जागेत झाली. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात ही शिफारस आली नाही. २०१५ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की खर्चावर सरसकट ५० टक्के वाढ दिल्यास बाजार विस्कळीत होईल. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात, दीडपट भावाची घोषणा झाली.

त्या वर्षीच्या भाताच्या आकड्यांवरून तिचा अर्थ स्पष्ट होतो. साधारण प्रतीच्या भाताचा ‘ए-२ अधिक कुटुंबश्रम’ खर्च क्विंटलला १,१६६ रुपये धरला होता आणि हमीभाव १,७५० रुपये ठरला, म्हणजे दीडपट. त्याच पिकाचा सी-२ खर्च १,५६० रुपये होता. त्याची दीडपट केली असती तर भाव २,३४० रुपये झाला असता. दोन्ही हिशेबांना ‘दीडपट’ म्हणता येते, पण शेतकऱ्याच्या पदरात त्यामुळे क्विंटलमागे ५९० रुपयांचा फरक पडतो. तेव्हापासून खरिपाचे भाव याच सूत्राने ठरत आले आहेत : २०२५-२६ साठी सोयाबीनचा खर्च ३,५५२ रुपये धरून हमीभाव ५,३२८ रुपये, तर मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च ५,१४० रुपये धरून ७,७१० रुपये. शिवाय हा खर्च देशाची भारित सरासरी असतो. कोरडवाहू मराठवाड्यात आणि विदर्भात उतारा कमी पडतो, त्यामुळे क्विंटलमागचा खर्च त्याहून अधिक भरतो. म्हणूनच महाराष्ट्राकडून केंद्राला सुचवले जाणारे भाव नेहमी बरेच वरचे असतात.

यातला आणखी एक धागा काळाचा आहे. जुन्या वर्षांचे प्रत्यक्ष खर्च घेऊन ते निविष्ठांच्या, म्हणजे खते, डिझेल, मजुरी यांसारख्या गोष्टींच्या, दरांच्या एकत्रित निर्देशांकाने पुढच्या हंगामापर्यंत वाढवले जातात. दर संथपणे चढत असतील तर हे चालून जाते. २०२१ सारख्या वर्षी ते अपुरे पडते. त्या वर्षीच्या सुरुवातीला १,१७५ रुपयांच्या आसपास मिळणारी १०:२६:२६ या मिश्रखताची गोणी वर्ष सरताना १,४७० रुपयांवर गेली. युरियाची ४५ किलोची गोणी तेवढी २६६ रुपये ५० पैशांवर स्थिर राहिली, कारण तिचा भार अनुदानावर आहे. केरळमध्ये शेतकऱ्याला मिळणाऱ्या आणि त्याने खरेदीसाठी मोजलेल्या किमतींचे निर्देशांक व त्यांचे गुणोत्तर १९५२-५३ हे पायाभूत वर्ष धरून काढले जाते. महाराष्ट्रात अशी मासिक मालिका रूढ झाली असती, तर हमीभावावरची चर्चा बरीच नेमकी झाली असती.

भावांची बाजू अलीकडे धोरणांमुळे अधिकच हलती झाली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन काही बाजारांत १०,००० रुपयांच्या घरात गेले असताना १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि डिसेंबरात सोयाबीनसह अनेक शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, थांबवण्यात आले. कांद्याला तर हमीभावच नाही; त्याच्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवून पुन्हा शुल्क, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क रद्द असे निर्णय दीड-दोन वर्षांत झाले. कांदा चाळीत साठवण्याचा खर्च यांतल्या कोणत्याही निर्णयाने बदलला नाही.

हमीभाव असलेल्या पिकालाही तो मिळतोच असे नाही. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली चालला होता. खरेदी केंद्रावर मात्र १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला माल घेतला जात नव्हता, आणि लांबलेल्या पावसात काढलेल्या सोयाबीनला ही अट पाळणे कठीण होते. नोव्हेंबरच्या मध्यावर ही मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली. तोवर दिवाळी उलटली होती आणि ज्यांना देणी भागवायची घाई होती, त्यांनी आपला माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता.