इम्पोस्टर सिंड्रोम

आपण या कामाच्या लायकीचे नाही, नोकरी किंवा बढती नशिबाने पदरात पडली आणि एक ना एक दिवस आपले पितळ उघडे पडणार, ही कामाच्या ठिकाणी सतत पाठीशी असणारी धास्ती म्हणजे इम्पोस्टर सिंड्रोम, अर्थात तोतयेपणाची भावना. ज्याला काम खरोखरच येत नाही, त्याची भीती काम शिकल्यावर ओसरते. इथे काम उत्तम येत असते, वरिष्ठ खूश असतात, तरीही भीती जात नाही.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ही संकल्पना प्रथम मांडली. शिक्षणात व व्यवसायात नाव कमावलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी झालेल्या कामातून ती पुढे आली. क्लान्स यांनी पुढे २० विधानांची एक मोजपट्टीही तयार केली. त्यांनी दाखवलेले चक्र असे : नवे काम अंगावर आले की माणूस गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयारी करतो, नाहीतर शेवटच्या घटकेपर्यंत टाळत राहतो. काम फत्ते होते. तयारी केलेला म्हणतो, ‘रात्रंदिवस राबलो म्हणून जमलं’. टाळणारा म्हणतो, ‘या खेपेला निभावलं’. यश कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही, आणि पुढच्या कामाला भीती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

नावात ‘सिंड्रोम’ असले तरी डीएसएम किंवा आयसीडी या आजारांच्या वर्गीकरणांत त्याला स्वतंत्र निदान म्हणून स्थान नाही. ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही भावना असणाऱ्यांचे प्रमाण ९ ते ८२ टक्के असे आढळले. मोजपट्टी कोणती आणि रेषा कुठे ओढली, यावर आकडा इतका हलतो. पुरुषांतही ही भावना सर्रास दिसते, आणि नैराश्य व चिंता यांच्या जोडीने ती अनेकदा येते.

सोलापूरसारख्या शहरात या भावनेचे मूळ कामाच्या बदललेल्या स्वरूपात शोधावे लागते. हे शहर चादर, टॉवेल आणि विडीवर वाढले. यंत्रमागावरच्या चादरीत दोष राहिला तर तो डोळ्यांना दिसतो. विडी हजारावर मोजली जाते. खराब विड्या तिथल्या तिथे बाजूला काढल्या जातात. त्या छाननीवरून कटकटी होतात, मजुरीही बुडते, पण आज आपण किती आणि कसे काम केले हे संध्याकाळी हातात कळते. त्याच घरातली मुलगी शिकून बँकेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत बसली की ही रोजची खातरजमा संपते. वर्षाकाठी एकदा मूल्यमापन होते आणि त्यातही ‘अजून पुढाकार घ्या’ यासारखे मोघम वाक्य असते. मग ती मेल पाठवण्याआधी चार-चारदा वाचते. मीटिंगमध्ये प्रश्न अगदी ओठांवर येतो, पण ‘एवढंही माहीत नाही का?’ असे कुणी म्हणेल म्हणून ती तो गिळते.

भाषेचा भार वेगळाच. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू, कुठे कन्नड, बाहेर मराठी आणि दख्खनी, कार्यालयात इंग्रजी. एवढ्या भाषा वापरणारे हे डोके कमी कसे असेल? पण पुण्यात नोकरीला लागलेला सोलापूरचा मुलगा पहिल्या आठवड्यातच वाक्यातला सोलापुरी बोलीचा ‘बे’ गाळू लागतो, तेव्हा बोलताना अर्धे लक्ष स्वतःला झाकण्यात जाते. शनिवार-रविवारी गावी आल्यावरही मन मोकळे करता येत नाही, कारण घरच्यांनी गल्लीभर सांगितलेले असते, ‘आमचं पोरगं मोठ्या कंपनीत आहे की!’

या संकल्पनेवर रास्त टीकाही झाली आहे. रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन ब्युरी या लेखिकांनी २०२१ मध्ये असा मुद्दा मांडला, की स्त्रियांना ‘तुम्हाला सिंड्रोम आहे’ असे सांगण्याऐवजी त्यांना उपरे वाटायला लावणारी कामाची ठिकाणे सुधारली पाहिजेत. सोलापूरच्या संदर्भात हा मुद्दा अधिकच पटतो. घरातून पहिल्यांदाच कार्यालयात पाऊल टाकणाऱ्याला तिथले न लिहिलेले नियम कुणी सांगितलेलेच नसतात. ते माहीत नसणे हा त्याच्या मनाचा बिघाड नव्हे.

उपायांत क्लान्स आणि आइम्स यांनी गटात बोलण्यावर भर दिला. दुसरी कर्तबगार बाई ‘माझं नशीब’ म्हणते तेव्हा त्यातला पोकळपणा चटकन दिसतो, आणि तोच तर्क आपण स्वतःला लावतो हेही मग लक्षात येते. कामाच्या ठिकाणी नुसत्या शाबासकीपेक्षा नेमका अभिप्राय उपयोगी पडतो : ‘अहवाल छान’ म्हणण्याऐवजी ‘थकबाकीचा तक्ता तू महिन्यानुसार लावलास, म्हणून चूक सापडली’ असे सांगितले, तर ते श्रेय नशिबाच्या नावावर टाकणे अवघड जाते.