ग्रातँ आणि फ्युनरल पोटॅटोज : चीझ-बटाट्याचे दोन ट्रे, ज्यांची सरमिसळ करू नये

‘चीझी पोटॅटो बेक’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळे पदार्थ फिरत असतात. फोटोत ते जुळे वाटतात. काचेचा ट्रे, वर खरपूस सोनेरी थर, कडेने खदखदणारं दूध-चीझ, आत मऊ बटाटा. त्यातला एक फ्रान्सच्या आग्नेय भागातला, दोफिने प्रांताचा ‘ग्रातँ दोफिनुआ’. दुसरा अमेरिकेतल्या युटा राज्याचा आणि त्याच्या आसपासच्या डोंगराळ मुलखाचा, ‘फ्युनरल पोटॅटोज’, म्हणजे चक्क मयताच्या जेवणातले बटाटे. दोन्ही मुख्य पदार्थाच्या बाजूला वाढायचे, दोन्ही गरमागरम आणि पोटभरीचे.

घोळ नुसता नावाचा असता तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण लोक एका कृतीतले कच्चे काप उचलतात, दुसरीतलं सावर क्रीम (आंबवलेली दाट साय) उचलतात आणि तासभर भाजूनही बटाटा दाताखाली कचकचतो. किंवा काप धुऊन, पाण्यात बुडवून, निथळून घेतात. मग ट्रेमध्ये दूध वेगळं आणि बटाटे वेगळे. यात ओव्हनचा काहीच दोष नसतो.

दोन्ही पदार्थांना एकच प्रश्न विचारायचा: यातला रस दाट कशाने होतो? ग्रातँमध्ये बटाट्याच्या स्वतःच्या स्टार्चने होतो. फ्युनरल पोटॅटोजमध्ये दाटपणा बाहेरून, बहुतेक वेळा डब्यातून येतो. काप की कीस, धुवायचे की नाही, आंबट चालेल की नाही, कोणतं चीझ, हे सगळं त्या उत्तराच्या मागोमाग येतं.

आधी ग्रातँ, कारण तो वयाने मोठा. त्याचा पहिला उल्लेख 12 जुलै 1788 चा आहे. दोफिनेचे लेफ्टनंट जनरल, क्लेरमाँ-तोनेरचे ड्यूक शार्ल-आंरी यांनी गाप शहराच्या नगर अधिकाऱ्यांना जेवण दिलं, त्यात हा बटाटा ऑर्टोलान नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांच्या मांसासोबत वाढला होता. म्हणजे सुरुवातच मानाच्या पंगतीतली. सामग्री मात्र डोंगराळ खेड्यातल्या घरात सापडेल इतकीच: बटाटा, दूध, साय, लसूण, मीठ, जायफळ.

या यादीत चीझ नाही, आणि फ्रान्समधले कट्टर लोक याच मुद्द्यावर अडून बसतात. त्यांच्या मते खऱ्या ग्रातँ दोफिनुआत चीझही नसतं आणि अंडंही नसतं. मात्र फ्रेंच स्वयंपाकाची घडी बसवणाऱ्या ओग्युस्त एस्कोफिए यांच्या कृतीत अंडंही आहे आणि ग्रुयेर चीझही, तेव्हा वाद मिटायची शक्यता कमीच. शेजारच्या साव्वा प्रांतात दुधा-सायीऐवजी मांसाचं सूप आणि बोफोर चीझ घालतात, तो ग्रातँ साव्वायार. रब्लोशों चीझ वितळवलेली तार्तिफ्लेत ही तर त्या मानाने कालची पोर. रब्लोशोंच्या उत्पादकांनी खप वाढावा म्हणून 1980 च्या दशकात तिचा गाजावाजा केला. मला विचाराल तर वरून मूठभर चीझ भुरभुरायला हरकत नाही, थराथरांत कोंबू मात्र नये. चीझ जास्त झालं की सायीत शिजलेल्या बटाट्याची जी हलकी गोडी या पदार्थाचा जीव आहे, तीच हरवते.

आता त्याची करणी. बटाटा दोन-तीन मिलिमीटर जाडीत चिरला की सुरीखाली फुटलेल्या पेशींतून स्टार्च बाहेर येतो आणि कापांवर पिठूळ, चिकट थर धरतो. दूध साधारण 60-65 अंशांच्या पुढे तापलं की स्टार्चचे हे कण पाणी शोषून फुगतात आणि दूध दाट व्हायला लागतं. मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही, बटाटाच आपल्यापुरतं बांधणीचं काम करतो. म्हणून काप धुवायचे नाहीत. सोललेले आख्खे बटाटे धुऊन घ्या, पुसा, आणि चिरल्यावर त्यांना पाणी दाखवू नका. काळे पडतील ही भीती असेल तर चिरता चिरता थेट दुधाच्या पातेल्यात सोडा.

एक किलो बटाट्याला साधारण सहाशे मिली द्रव लागतो. फ्रेंच कृतीतली साय तीस टक्क्यांहून जास्त स्निग्धांशाची असते. आपल्याकडे डब्यात मिळणारं फ्रेश क्रीम पंचवीस टक्क्यांच्या आसपास. ते निम्मं आणि फुल क्रीम दूध निम्मं घेतलं की काम भागतं. नुसतं टोन्ड दूध घेऊ नका. स्निग्धांश कमी असला की दूध फाटायची शक्यता वाढते आणि ट्रेच्या तळाशी पनीरासारखे कण दिसायला लागतात.

काप, दूध, साय, मीठ आणि जायफळ जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवून घ्यायचे. दूध चमच्याला चिकटायला लागलं की समजा स्टार्च कामाला लागला. लसणाची पाकळी अर्धी करून ट्रेच्या आतून घासायची, वर लोणी फासायचं, त्यावर हे मिश्रण ओतायचं. मग 150-160 अंशांवर तासभर. घाईने दोनशेवर ठेवलंत तर दूध खळाखळा उकळतं, कडेला फाटतं आणि मधला बटाटा कच्चाच राहतो. सुरीचं टोक सहज आत शिरलं की बाहेर काढा आणि निदान पंधरा मिनिटं हात लावू नका. आत्ता पातळ वाटणारा रस तेवढ्या वेळात बसतो.

बटाटा कोणता? नव्या हंगामाचा, पातळ सालीचा, नखाने सोलता येणारा बटाटा इथे नको. त्यात पाणी जास्त, स्टार्च कमी. बाजारात सर्रास मिळणारा कुफ्री ज्योती चालतो. वेफर्ससाठी काढलेल्या चिप्सोना जातीत घन भाग जास्त असतो, तो मिळाला तर उत्तमच. शीतगृहातला बटाटा गोडसर लागत असेल तर तो रश्शाच्या भाजीकडे वळवा.

फ्युनरल पोटॅटोजचं सगळं शास्त्र याच्या उलट, आणि त्याला कारण त्याचा जन्म ज्या गरजेतून झाला ती गरज. युटा म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा मुलूख. या चर्चच्या स्त्रियांची ‘रिलीफ सोसायटी’ 1842 पासून आहे, आणि कोणाच्या घरी माणूस गेलं की दफनानंतर जमलेल्यांना जेवू घालणं हे तिच्या सभासद बायकांचं ठरलेलं काम. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारपाजारचे पिठलं-भात पोचवतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की तिथे चर्चच्या सभागृहात शंभरेक माणसांची पंगत बसू शकते आणि बातमी आदल्या दिवशी आलेली असते. अशा वेळी काप करत, दुधावर नजर ठेवत कोण बसणार? घरात आधीपासून असलेल्या वस्तू एका वाडग्यात कालवून ट्रेमध्ये लोटता आल्या पाहिजेत. मॉर्मन घरांत धान्य आणि डबाबंद अन्नाचा साठा ठेवायची शिकवणच आहे, त्यामुळे डब्यातलं सूप फडताळात असायचंच.

हे सूप म्हणजे पदार्थाचा कणा. कॅम्पबेल या अमेरिकन कंपनीचं ‘क्रीम ऑफ मशरूम’ 1934 मध्ये बाजारात आलं, ‘क्रीम ऑफ चिकन’ 1947 मध्ये. पाणी घालून प्यायचं सोडून अमेरिकन गृहिणींनी त्याला तयार सॉस मानलं आणि कॅसरोल नावाच्या, एका ट्रेत कालवून भाजायच्या पदार्थांची एक आख्खी दुनिया त्यावर उभी राहिली. दुसरी वस्तू गोठवलेले हॅश ब्राउन्स, म्हणजे बटाट्याचा कीस किंवा बारीक चौकोनी तुकडे. युटाच्या उत्तरेला बटाट्यासाठी प्रसिद्ध आयडाहो आहे, आणि ओरेगन-आयडाहो यांच्या नावावरून ‘ओर-आयडा’ झालेली कंपनी 1952 ची. तेव्हा फ्रीजरमध्ये बटाट्याची पिशवी असणं ओघानेच आलं.

रूढ प्रमाण साधारण असं: साडेआठशे ग्रॅमची हॅश ब्राउन्सची पिशवी, सुपाचा एक डबा (तीनशे ग्रॅमला जरासा कमी), दोन कप सावर क्रीम, दोन कप किसलेलं चेडर चीझ, शंभर-सव्वाशे ग्रॅम वितळलेलं लोणी, हवा तर बारीक चिरलेला कांदा. वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स लोण्यात घोळून पसरायचे. नऊ बाय तेरा इंचांचा ट्रे, 175-180 अंश, पाऊण ते एक तास. या पदार्थाचा मान इतका की 2002 च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी त्याची संग्राह्य पिन निघाली होती.

पिशवीतला बटाटा गोठवण्याआधी अर्धवट शिजवलेला असतो. त्याच्या स्टार्चने फुगून घेतलेलं असतं, त्यामुळे रस बांधायला त्याची फारशी मदत होत नाही. ते काम सुपातला मैदा आणि स्टार्च करतात. चेडर एकटं तापवलं तर तेल सोडतं आणि उरलेला भाग रबरासारखा गोळा होतो. सुपातला स्टार्च मध्ये आला की ते गुळगुळीत राहतं. इथे बाहेरचा दाटपणा वगळून पाहिलात तर चीझच्या तेलात पोहणारा कीस मिळेल.

सावर क्रीमचा मुद्दाही इथेच सुटतो. आंबटाच्या संगतीत बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सहज विरघळत नाही आणि कच्चा बटाटा मऊ व्हायला तयार होत नाही. आमसूल किंवा चिंच आधी पडली की डाळ शिजत नाही, हे आपल्या स्वयंपाकघरात कोणाला शिकवावं लागत नाही, बटाट्याचंही तेच. शिजलेल्या बटाट्याला आंबट चालतं, उलट एवढ्या लोण्या-चीझमध्ये तोच आंबटपणा तोंडाला चव आणतो. कच्च्या कापांत सावर क्रीम किंवा दही म्हणजे मात्र हमखास कचकच.

आपल्याकडे क्रीम सुपाचा डबा आणि सावर क्रीम सगळीकडे मिळत नाहीत, पण अडत नाही. बटाटे सालीसकट जरा कमीच उकडायचे, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी जाड किसणीवर किसायचे. गार झाल्यावर स्टार्च आवळतो, त्यामुळे कीस सुटा पडतो. उकडल्या उकडल्या किसलात तर लगदा होईल, मग त्याची टिक्कीच करा. सुपाच्या जागी तीस ग्रॅम लोणी, तीस ग्रॅम मैदा आणि तीनशे मिली दुधाचा व्हाइट सॉस, त्यात परतलेले मशरूम. सावर क्रीमच्या जागी श्रीखंडाला करतो तसा चक्का, थोडं फ्रेश क्रीम घालून सैल केलेला. साधं दही नको, त्याचं पाणी सुटतं. चीझ डब्यातलं प्रोसेस्ड चाललं तरी चालेल. त्यातल्या क्षारांमुळे ते तसंही तेल सोडत नाही. ग्रातँच्या वर मात्र तेच प्रोसेस्ड चीझ कुरकुरीत व्हायचं सोडून कातडीसारखं बसतं, तिथे खरं मुरलेलं चीझ घ्या नाहीतर काहीच घेऊ नका.

शाकाहारी वाचकांनी दोन्हीकडे जरा जपावं. अमेरिकेत पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलात तर फ्युनरल पोटॅटोजमध्ये चिकनचं सूप असण्याची शक्यता मोठी, आणि नुसतं बघून ते कळत नाही. ग्रुयेर चीझसाठी दूध घट्ट करायला लागणारं रेनेट वासराच्या पोटातलं असतं. दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आपल्या क्लबांत आणि जुन्या हॉटेलांत ‘ऑ ग्राटँ’ म्हणून जे मिळतं, आणि घरोघरी व्हाइट सॉस घालून ‘बेक्ड डिश’ म्हणून जे होतं, त्याचं काय? नाव फ्रेंच असलं तरी बांधणी मैद्याची, तेव्हा स्वभावाने ते युटाच्या ट्रेच्या जवळचं. त्यात उकडलेल्या भाज्याच घालाव्यात.

चवीचं म्हणाल तर ग्रातँ शांत आणि सायीचा. सोबत काहीतरी भाजलेलं, खमंग हवं. फ्रान्समध्ये कोकराची तंगडी असते, शाकाहारी ताटात परतलेले मशरूम किंवा भाजलेली वांगी शोभतात. फ्युनरल पोटॅटोज खारट, आंबूस, कुरकुरीत आणि जरा दांडगट. युटात ते हॅमबरोबर वाढतात. सोबत काकडी-टोमॅटोची साधी कोशिंबीर असू द्या, नाहीतर चार घासांत जड वाटायला लागतं.

पाहुणे चार-सहा असतील आणि ट्रे ओव्हनमधून थेट टेबलावर जाणार असेल तर ग्रातँ करा. दुसऱ्याच्या घरी न्यायचं असेल, जेवणाची वेळ नक्की नसेल, तर निमूटपणे दुसरा. तो आदल्या रात्री कालवून ट्रेमध्ये भरून फ्रीजमध्ये राहतो, भाजताना दहा-पंधरा मिनिटं जास्त द्यायची इतकंच. कॉर्नफ्लेक्स तेवढे ओव्हनमध्ये ठेवायच्या क्षणी पसरा. रात्रभर वर राहिले तर सकाळी त्यांची पेज झालेली असते.