ड्रोनची दवंडी: आमच्या क्वाडला रिमोट आयडी बसवला तेव्हा

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या न्यू जर्सीत संध्याकाळ झाली की लोक अंगणात येऊन वर बघत उभे राहायचे. नोव्हेंबरमध्ये मॉरिस काउंटीत कोणाला तरी रात्री आकाशात दिवे दिसले, मग बातम्या आल्या, मग व्हॉट्सॲपवर हलणारे अंधारे व्हिडिओ, आणि बघता बघता एफबीआयकडे ५,००० च्या वर फोन आणि मेसेज गेले. १६ डिसेंबरला सरकारी खात्यांनी मिळून निवेदन काढलं की दिसलेल्या गोष्टींत कायदेशीर ड्रोन आहेत, हौशी लोकांचे आहेत, पोलिसांचे आहेत, साधी विमानं आणि हेलिकॉप्टरं आहेत, आणि लोकांनी ड्रोन समजलेले चक्क तारेसुद्धा आहेत. आमच्या शेजारच्या सांगलीच्या काकू तर एका संध्याकाळी दार वाजवून विचारून गेल्या, "अरे, ते तुमचंच नाही ना?" कारण मी आणि माझा मुलगा ड्रोन उडवतो हे सगळ्या गल्लीला माहीत. त्या पश्चिमेला बोट दाखवत होत्या तो शुक्र होता, त्या महिन्यात भयंकर तेजस्वी दिसत होता.

पण काकूंचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. डोक्यावर काहीतरी उडतंय तर ते कोणाचं, कुठून उडवतायत, हे खाली उभ्या असलेल्या माणसाला कळायला नको का? आणि ते कळायची सोय खरं तर आहे. तिला रिमोट आयडी म्हणतात, अमेरिकेत कायद्याने सक्तीची आहे, आणि आमच्या घरी बांधलेल्या क्वाडवर, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनवर, आम्ही ती थोडी आधीच बसवली होती. ती बसवताना जे शिकलो ते लिहितोय, कारण या नखाएवढ्या सर्किटमागे खूप सुंदर विज्ञान आहे आणि त्याबद्दल मराठीत फारसं कोणी बोलत नाही.

कायद्याचं आधी उरकतो. नियम जानेवारी २०२१ मध्ये आला, उडवणाऱ्यांना तारीख दिली होती १६ सप्टेंबर २०२३, पण मॉड्यूल मिळायला वेळ लागत होता म्हणून १६ मार्च २०२४ पर्यंत कारवाईत सवलत होती. ज्या ड्रोनची नोंदणी लागते त्या सगळ्यांना रिमोट आयडी लागतो, आणि हौसेसाठी उडवणाऱ्याला नोंदणी लागते ती वजन २५० ग्रॅम किंवा जास्त असेल तर. तयार विकत घेतलेल्या बहुतेक नवीन ड्रोनमध्ये ही सोय आतच असते. घरी बांधलेल्याला दोनच रस्ते, एकतर वरून एक छोटं ब्रॉडकास्ट मॉड्यूल बसवा, नाहीतर एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने) मान्यता दिलेल्या ठरावीक मैदानांवरच उडवा, तिथे मॉड्यूल लागत नाही. आमचं पाच इंची पंख्यांचं क्वाड बॅटरीसकट साधारण ६५० ग्रॅम, आणि उडवतो हंटरडन काउंटीतल्या ओळखीच्या एका शेतावर, म्हणजे मॉड्यूल आलंच. (इथे एक गंमत लक्षात ठेवा, तुमचं छोटं ड्रोन २४० ग्रॅमचं असेल आणि उगाच हौसेने त्यावर १५ ग्रॅमचं मॉड्यूल लावलंत तर तुम्ही स्वतःच स्वतःला २५० च्या पुढे नेता. वजन धरतात ते उडतानाचं, बॅटरी आणि वर लावलेलं सगळं धरून.)

आता हे मॉड्यूल करतं काय? दवंडी पिटतं. अगदी तसंच. पूर्वी गावात दवंडीवाला चावडीपासून निघायचा, कोणाच्या घरात जाऊन बसायचा नाही, कोणाला नाव विचारायचा नाही, चौकात उभा राहून ओरडायचा आणि ज्याला ऐकायचं तो ऐकायचा. मॉड्यूल सेकंदाला निदान एकदा ओरडतं की माझा नंबर अमुक, मी आत्ता या अक्षांश-रेखांशावर, इतक्या उंचीवर, या वेगाने या दिशेला चाललोय, आणि मी उडालो ते या जागेवरून, वेळ अमुक. हे ओरडणं ब्लूटूथ किंवा वायफायवर होतं, म्हणजे ऐकायला वेगळं यंत्र नको, तुमच्या खिशातला फोन पुरतो, आणि पेअरिंग नाही, पासवर्ड नाही, इंटरनेटही नाही. खरं तर २०१९ च्या शेवटी जो मसुदा आला होता त्यात ड्रोनने ही माहिती इंटरनेटवरूनही पाठवायची अशी अट होती, त्यावर ५०,००० हून जास्त प्रतिक्रिया आल्या आणि शेवटच्या नियमातून ती अट काढून टाकली. मला वाटतं हे फार बरं झालं, शेतात नेटवर्कच नसतं हो.

त्या ओरडण्याची भाषा किती काटकसरीची आहे ते बघा. जुन्या ब्लूटूथच्या एका घोषणेत मजकुराला जागा फक्त ३१ बाइट. मराठीतलं एक अक्षर फोनमध्ये साठवायला साधारण ३ बाइट लागतात, म्हणजे दहा अक्षरं टाइप केली की संपलं. तेवढ्या जागेत रिमोट आयडीचा २५ बाइटचा एक मेसेज बसवलाय. अक्षांश दशांश चिन्हासकट लिहित बसत नाहीत, त्याला एक कोटीने गुणून सरळ पूर्णांक करतात, म्हणजे ४०.५ अंशाचा होतो ४०५०००००० आणि तो ४ बाइटमध्ये मावतो. त्या आकड्यात शेवटी एकाचा फरक पडला तर जमिनीवर साधारण एक सेंटीमीटर. जीपीएस स्वतःच काही मीटर चुकतो ती गोष्ट वेगळी, पण लिहिण्याच्या पद्धतीत कसर ठेवलेली नाही. उंची अर्ध्या मीटरच्या पायऱ्यांत, वेग सेकंदाला पाव मीटरच्या पायऱ्यांत. नंबर एका मेसेजमध्ये, जागा दुसऱ्या मेसेजमध्ये, असं आळीपाळीने चालू राहतं.

ब्लूटूथ ५ चा लांब पल्ल्याचा जो प्रकार आहे तो मला सगळ्यात आवडतो. त्यात ताकद न वाढवता पल्ला वाढवलाय. कसा? डोंगराच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण भरभर बोलत नाही, "बाऽऽऽपूऽऽऽ" असं लांबवतो, परत परत मारतो, म्हणजे वाऱ्यात अर्धं गेलं तरी उरलेल्यावरून त्याला कळतं. इथेही एकेक बिट आठ चिन्हांमध्ये पसरून पाठवतात, वेग घसरून सेकंदाला १२५ किलोबिटवर येतो पण ऐकणाऱ्याला गोंगाटातून शब्द वेगळा काढता येतो.

आता बसवायचं. पहिली पायरी कागदाची आहे आणि तिथेच आमची एक चूक झाली. एफएएच्या ड्रोनझोन साइटवर हौशी माणसाला ५ डॉलरमध्ये तीन वर्षांची नोंदणी मिळते, एकच नोंदणी तुमच्या सगळ्या ड्रोनना चालते, आणि एकच मॉड्यूल आज या क्वाडवर, उद्या त्या विमानावर असं फिरवता येतं. पण मॉड्यूलचा नंबर तिथे टाकायला लागतो. आमच्या मॉड्यूलच्या खोक्यावर दोन नंबर होते, मी मोठ्या अक्षरातला टाकला, साइटने घेतला नाही. रिमोट आयडीचा जो खरा नंबर असतो त्याची एक ठरलेली रचना आहे, पहिली चार अक्षरं बनवणाऱ्याचा कोड, पाचवं अक्षर सांगतं की पुढे किती अक्षरं येणार, आणि मग तेवढीच अक्षरं. पाचव्या जागी ८ असेल तर पुढे आठ, दहाला ए, असं करत एफ म्हणजे पंधरा. आणि इंग्रजी ओ आणि आय ही दोन अक्षरं त्यात वापरतच नाहीत, कारण शून्य आणि एकशी घोटाळा होतो. मुलाने हे वाचलं आणि बोटाने अक्षरं मोजत बसला, म्हणाला, "बाबा, हा नव्हे, मागच्या स्टिकरवरचा." बरोबर होता. तुम्हीही मोजून बघा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आणि विकत घेतानाच ते मॉड्यूल एफएएच्या मान्य यादीत आहे ना ते तपासा.

दुसरी चूक जागेची. क्वाडवर जागा कमी असते, मी मॉड्यूल फ्रेमच्या आत, वरच्या कार्बन फायबर प्लेटच्या खाली व्यवस्थित सरकवलं, शेजारीच कॅमेऱ्याचं चित्र खाली पाठवणारा व्हिडिओ ट्रान्समीटर आणि कॅमेऱ्याच्या वायरी. दिसायला एकदम छान. शेतावर गेलो, बॅटरी लावली, मॉड्यूलचा दिवा लुकलुकत राहिला, पाच मिनिटं झाली, दहा झाली, जीपीएस लागेचना. मुलगा थंडीत हात चोळत उभा.

कारण समजून घेतलं तर परत अशी चूक होत नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवर आहेत. तिथून जमिनीवर पोचेपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की एक वॉट घ्या, त्याला दहा कोटीने भागा, आणि जे येईल त्याला परत दहा कोटीने भागा, साधारण तेवढा. शिवाय प्रत्येक उपग्रह आपण नेमके कुठे आहोत हे सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथपणे सांगतो, पूर्ण माहिती यायला अर्धा मिनिट लागतो, आणि मध्ये गोंगाटाने तुटली तर हुकलेला भाग परत येईपर्यंत थांबायचं. आणि असे निदान चार उपग्रह ऐकू यायला हवेत. आता कार्बन फायबर वीज वाहतं, म्हणजे रेडिओसाठी ती प्लेट पत्र्यासारखीच, वर छप्पर घातलंय आणि बाजूला व्हिडिओ ट्रान्समीटर ओरडतोय. बिचाऱ्याला ऐकू येणार कसं.

तिथेच गाडीच्या बॉनेटवर क्वाड ठेवून मॉड्यूल काढलं, वरच्या प्लेटवर मागच्या बाजूला जाड दुहेरी टेपने चिकटवलं, जीपीएसचा चौकोनी सिरॅमिक अँटेना बरोब्बर आकाशाकडे, व्हिडिओचा अँटेना जमेल तितका लांब, आणि वरून एक झिप टाय. चाळीसेक सेकंदांत दिवा स्थिर झाला. वीज आम्ही फ्लाइट कंट्रोलरच्या (ड्रोन सांभाळणाऱ्या मुख्य सर्किटच्या) ५ व्होल्टच्या पॅडवरून दिलीय, दोनच वायरी, स्वतःची बॅटरी असलेलं मॉड्यूलही मिळतं पण मग ती आठवणीने चार्ज करा. हा दिवा फक्त शोभेचा नाही, मॉड्यूल नीट चालत नसेल तर उडायचंच नाही आणि हवेत असताना बंद पडलं तर शक्य तितक्या लवकर उतरायचं, असा नियमच आहे. आणि मॉड्यूलवालं ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवायचं. मी ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल घालून उडवतो तेव्हा मुलगा शेजारी उभा राहून ड्रोनवर नजर ठेवतो ते म्हणूनच.

आता फोनवर तपासायचं. फुकट ॲप मिळतात, नकाशावर ठिपका येतो. पहिल्यांदा आमचा ठिपका तीस-तीस सेकंद हलायचाच नाही, मला वाटलं मॉड्यूल बिघडलं. तसं नव्हतं. आमचं मॉड्यूल वायफायवर ठेवलं होतं, आणि बॅटरी वाचवायला अँड्रॉइड कुठल्याही ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा वायफाय स्कॅन करू देतो. दवंडीवाला ओरडतच होता, फोनच कानात बोटं घालून बसला होता. डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद केलं आणि ठिपका पळायला लागला.

मग मुलाने विचारलं, "शेताची उंची तर साठ मीटर आहे ना, मग हे सत्तावीस का दाखवतंय?" छान प्रश्न होता. रिमोट आयडीतली उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. जीपीएस पृथ्वीला एक गुळगुळीत, थोडा चपटा गोळा धरतो आणि त्याच्यापासून उंची मोजतो. खरी समुद्रसपाटी मात्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे कुठे त्या गोळ्याच्या वर, कुठे खाली असते. न्यू जर्सीत ती तीसेक मीटर खाली आहे, म्हणून आमच्या साठातून तेवढे वजा झाले. हाच प्रकार मुंबईत जुहूच्या वाळूवर केलात तर उंची उणे साठच्याही खाली दिसेल, पाण्यात न जाता. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हिंदी महासागरात जगातला सगळ्यात मोठा असा खड्डा आहे, १०० मीटरहून खोल, आणि वरून जाणाऱ्या जहाजाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सगळ्यात जास्त वाद ज्यावर झाला ती गोष्ट म्हणजे उडवणाऱ्याची जागा. आत बसवलेली सोय असलेलं ड्रोन तुमचा रिमोट आत्ता कुठे आहे ते सांगतं, मॉड्यूल फक्त उड्डाण कुठून झालं ते सांगतं. रस्त्यावरच्या कोणालाही तुम्ही कुठे उभे आहात ते कळणार, ही भीती मला खोटी वाटत नाही, पोरं एकटी उडवत असतील तर मलाही काळजी वाटते. त्या नंबरावरून नाव-पत्ता मात्र साध्या माणसाला कळत नाही, तो एफएएकडे असतो आणि पोलिसांना गरजेप्रमाणे मिळतो. एका रेसिंग ड्रोनच्या दुकानदाराने हा नियमच कोर्टात नेला होता, जुलै २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने नियम कायम ठेवला. आणि हेही खरं की या दवंडीवर सहीशिक्का सक्तीचा नाही, थोडं डोकं असलेला माणूस स्वस्तातल्या चिपवरून खोटी दवंडी पिटू शकतो, आणि ज्याला वाईट काम करायचंय तो मॉड्यूल लावणारच नाही. तरी मी ते लावतो, कारण काकूंच्या प्रश्नाला मला उत्तर देता यायला हवं. त्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलंय.

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांमध्ये अशा सोयीचा उल्लेख आहे, ड्रोनची जागा, उंची, वेग आणि नंबर सांगणारा बीकन सरकार पुढे सक्तीचा करू शकतं आणि केला तर निदान सहा महिन्यांची मुदत देईल असं त्यात लिहिलंय. जपानमध्ये २०२२ च्या जूनपासून १०० ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनसाठी रिमोट आयडी आहेच.

एक शेवटची सवय सांगतो, कारण ही आम्हाला दोन-तीनदा नडली. आमचं मॉड्यूल चालू झाल्यावर जिथे पहिल्यांदा जीपीएस पकडतं ती जागा उड्डाणाची म्हणून धरतं. गाडीत किंवा फाटकाशी बॅटरी लावली की तेच धरून बसतं, आणि आपण तिथून दोनशे मीटर आत जाऊन उडवलं तर दवंडी चुकीची. म्हणून आता शेतात जागा ठरवायची, मॅट अंथरायची, ड्रोन मॅटवर ठेवायचा आणि मगच बॅटरी. दुपारी ऊन डोळ्यांवर आलं की आम्ही शेताच्या दुसऱ्या टोकाला जातो, तिथेही परत बंद करून चालू करतो. मुलगा फोन धरून गुडघ्यावर बसतो, नंबर बघतो, नकाशावरचा उड्डाणाचा ठिपका मॅटवर आलाय का बघतो, "आला बाबा" म्हणतो, आणि मग मी मोटर आर्म करतो, म्हणजे फिरायला मोकळ्या करतो.